मदत हवी आहे: कोरियन पद्धतीचा एकच संच, दोन बहिणी, दोन प्रकारची त्वचा

विश्रामबागकर:
आम्ही दोघी बहिणी सांगलीत राहतो. माझी त्वचा तेलकट आहे आणि ताईची कोरडी. दोघींत मिळून चेहऱ्याच्या निगेचा एक कोरियन संच मागवला, पण तो लावायला लागल्यापासून ताईचे गाल चुरचुरतात आणि माझ्या हनुवटीवर बारीक पुटकुळ्या उठतात. कोणती बाटली कोणी, कधी आणि कोणत्या क्रमाने लावावी, एवढेच कृपया सांगावे. कोरियन पद्धतीच्या दहा पायऱ्या करायला आम्हाला वेळ नाही. महिनाअखेरीस घरात लग्न आहे, त्यामुळे उत्तर लवकर मिळावे ही विनंती.

अजिंक्यतारा:
बाटल्यांत काय आहे हे कळल्याशिवाय क्रम सांगणे शक्य नाही. एखाद्या टोनरमध्ये, म्हणजे चेहरा धुतल्यावर लावायच्या पातळ द्रवात, ओलावा धरून ठेवणारे ग्लिसरीन असते, तर दुसऱ्यात त्वचेचा वरचा थर सोलणारे आम्ल असते, आणि दोन्हींवर नाव मात्र टोनर असेच छापलेले असते. घटकांची यादी साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. तिच्यातील पहिली काही नावे द्या. दोघींची वये, सुरू असलेली औषधे आणि दिवसा सनस्क्रीन लावता की नाही, हेही सांगा.

वारणाकाठ:
सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि सांगलीतल्याच मुलींनी बाहेरून बाटल्या मागवाव्यात याचे वाईट वाटते. डाळीचे पीठ, साय, चिमूटभर हळद आणि लिंबाचे चार थेंब एवढ्यावर आमच्या घरातील तीन पिढ्यांची त्वचा उत्तम राहिली आहे.

अजिंक्यतारा:
काका, हळदीचा अभिमान मलाही आहे, परंतु प्रश्न वेगळा आहे. चुरचुरणाऱ्या गालांवर पीठ चोळले तर दाह वाढेल. लिंबू तर कोणीही चेहऱ्याला लावू नये, कारण तो रस त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड आणि काळे डाग उठू शकतात.

विश्रामबागकर:
संचात फेसाळ फेसवॉश, ग्लायकोलिक आम्लाचा टोनर, गोगलगायीच्या स्रावाचे इसेन्स, व्हिटॅमिन सीचे सिरम आणि घट्ट क्रीम आहे. आम्ही दोघीही सगळे सकाळ-संध्याकाळ लावतो. सनस्क्रीन संचात नव्हते, म्हणून लावत नाही. ताईचे बाळ अजून अंगावर पिते, पण त्याचा येथे काही संबंध नसावा. क्रम तेवढा सांगा.

कासपठार:
संबंध आहे, आणि तो आधी सांगते. बाळ अंगावर पीत असताना रेटिनॉल (व्हिटॅमिन एचा एक प्रकार) किंवा त्या गटातील कोणतेही क्रीम डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. तुमच्या संचात ते नाही, परंतु सुरकुत्यांसाठी म्हणून पुढची बाटली बहुधा त्याचीच घेतली जाते.

आता क्रमाविषयी. पातळ आधी आणि घट्ट नंतर, हा नियम खरा असला तरी तुमची अडचण क्रमाची नाही. ग्लायकोलिक आम्ल दिवसातून दोनदा, त्यावर व्हिटॅमिन सी आणि सनस्क्रीनशिवाय सांगलीचे ऊन, एवढे कोणतीही त्वचा सहन करणार नाही, शिवाय ग्लायकोलिकमुळे त्वचा उन्हाला अधिक हळवी होते. म्हणून लग्न होईपर्यंत टोनर, इसेन्स आणि सिरम बंद ठेवा. दोघींनी सौम्य, फेस न होणारा फेसवॉश, क्रीम आणि सकाळी सनस्क्रीन एवढेच वापरावे. ताईंनी सकाळी नुसत्या पाण्याने चेहरा धुवावा आणि तो ओलसर असतानाच सेरामाइड (त्वचेतील ओलावा टिकवणारा स्निग्ध घटक) असलेले क्रीम लावावे. संचातील घट्ट क्रीम तुमच्या तेलकट त्वचेसाठी नाही. तुम्ही जेलसारखे हलके मॉइश्चरायझर घ्या.

सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चे असावे (एसपीएफ म्हणजे उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आकडा). एसपीएफ ३० आणि ५० यांत अडवल्या जाणाऱ्या यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या, किरणांचा फरक साधारण एका टक्क्याचा आहे, मात्र कमी प्रमाणात लावले तर दोन्हींचे संरक्षण बरेच घटते. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर भरेल एवढे घ्या आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.

पुसेसावळी:
आधी तेलाने आणि मग फेसवॉशने असा दोनदा चेहरा धुणे हाच कोरियन पद्धतीचा पाया आहे. तो वगळला तर बाकीचे सारे व्यर्थ आहे. शिवाय लग्न इतके जवळ असेल, तर औषधाच्या दुकानात तीन औषधांचे एक क्रीम मिळते, त्याने आठवड्यात चेहरा उजळतो.

कासपठार:
दुसरा सल्ला कृपया मागे घ्या. त्या क्रीममध्ये बहुधा त्वचेचा रंग उतरवणारे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असते. चेहरा आठवडाभर उजळ दिसतो, पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि क्रीम थांबवले की लाली व पुरळ दुप्पट जोमाने येतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड क्रीमना अनुसूची एचमध्ये घातले, ते चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री होऊ नये म्हणूनच. त्यातले ट्रेटिनॉइन हे रेटिनॉलच्याच गटातले आहे, आणि येथे बाळ अंगावर पिते आहे.

पहिल्या मुद्द्याबाबत एवढेच, की रात्री सनस्क्रीन किंवा मेकअप उतरवायचा असेल तर पाण्यात मिसळून निघून जाणारे क्लीन्झिंग तेल जरूर वापरावे. घरातले खोबरेल तेल तसे धुऊन निघत नाही आणि तेलकट त्वचेची रंध्रे त्याने बुजतात.

वारणाकाठ:
गोगलगायीचा स्राव शाकाहारी घरात कसा चालतो, हे कोणी सांगेल का?

विश्रामबागकर:
आमच्याकडे ते चालते, काका. आमचे पाणी बोअरचे आहे, त्याने काही फरक पडतो का? आणि बंद केलेल्या बाटल्या पुन्हा कधी सुरू करायच्या?

कासपठार:
पडतो. जड पाण्यात साबणाचा थर त्वचेवर राहून कोरडेपणा वाढतो, म्हणून चेहऱ्याला साबण लावूच नका. चुरचुर पूर्ण थांबल्यावर एका वेळी एकच बाटली सुरू करा आणि आधी ती काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. ग्लायकोलिक तुम्ही रात्री, आठवड्यातून एकदाच वापरा. ताईंनी ते वापरूच नये. पंधरा दिवसांत ताईंची लाली उतरली नाही, तर लग्नाची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि सगळ्या बाटल्या सोबत न्या.