मदत हवी आहे: लिम्फोमाच्या उपचारातून रिटुक्सिमॅब वगळणे योग्य ठरेल का?

सप्रेम नमस्कार,

आम्ही खानापूर तालुक्यातले. माझ्या मामांच्या (वय ६८) मानेत गाठ आली आणि बेळगावात बायोप्सी केल्यावर डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाचे, म्हणजे बी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाचे, निदान झाले. डॉक्टरांनी आर-चॉप, म्हणजे चॉप ही जुनी केमोथेरपी आणि तिच्या जोडीला रिटुक्सिमॅब ही मोनोक्लोनल अँटिबॉडी (ठरावीक पेशींनाच चिकटणारे, प्रयोगशाळेत बनवलेले प्रथिन), दर २१ दिवसांनी घ्यायला सांगितली आहे.

पहिल्या वेळी रिटुक्सिमॅबचे सलाईन लावून तास होतो न होतो तोच मामांना हुडहुडी भरली. दोन रगांखालीही दात वाजत होते. नर्सबाईंनी सलाईन थांबवले, इंजेक्शन दिले आणि ताप उतरल्यावर ते अगदी हळू पुन्हा सुरू केले. तेव्हापासून मामी म्हणतात, हे महागडे औषध नको, नुसती केमो घेऊ. पूर्वी लोक तिच्यावरच बरे होत होते.

होत होते हे खरे, पण कमी. रिटुक्सिमॅबला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. २००२ मध्ये ६० ते ८० वर्षे वयाच्या, म्हणजे मामांच्याच वयोगटातील, ३९९ रुग्णांचा फ्रेंच डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: नुसत्या चॉपने ६३ टक्के, तर रिटुक्सिमॅब जोडल्यावर ७६ टक्के रुग्णांचा आजार पूर्ण ओसरला. केमो वाढत्या पेशींवर सरसकट घाव घालते. हे औषध बी पेशींवरील सीडी-२० या प्रथिनाला चिकटून प्रतिकारशक्तीला त्या पेशी दाखवून देते. यात निरोगी बी पेशीही मरतात, पण रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींवर ते प्रथिन नसल्याने त्या उपचारानंतर काही महिन्यांत पुन्हा तयार होतात. माझ्या मते ते सोडणे मोठे नुकसान ठरेल. पण मामींना आकडे नकोत, ज्यांच्या घरी हे औषध घेतले त्यांचा शब्द हवा आहे.

दुसऱ्या वेळी थंडीतापाचा त्रास कमी होतो असे डॉक्टर सांगतात. आपला अनुभव तसाच आहे का? दबलेला हेपटायटिस बी या औषधाने उसळू शकतो, म्हणून त्याची तपासणी आधी करतात. मामांच्या फाईलमध्ये तो रिपोर्ट दिसत नाही, तर पुढच्या डोसाआधी आग्रहाने मागावा ना? भारतात २००७ पासून मिळणारे देशी बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतेजुळते औषध) कुणी वापरले आहे का? शिवाय महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले होते. तिच्यातून कोल्हापुरात हे औषध कुणाला मिळाले असल्यास कोणती कागदपत्रे लागली, ते कृपया सविस्तर लिहावे. पुढची तारीख जवळ आली आहे.