निओव्हिममध्ये अर्धवट टाइप केलेली कमांड दिसेनाशी झाली आहे

प्रश्न
नमस्कार. मी मराठी लेखनासाठी निओव्हिम हा मजकूर-संपादक वापरतो. मजकुरासाठी आणखी एक ओळ मिळावी म्हणून मी ‘सीएमडीहाइट’, म्हणजे तळाच्या कमांड-ओळीची उंची, शून्य केले. तेव्हापासून अर्धवट कमांड, उदाहरणार्थ खोडण्यासाठीची डी ही कळ दाबण्यापूर्वी दिलेली संख्या किंवा निवडलेले रजिस्टर (मजकूर साठवण्याचा कप्पा), जी पूर्वी खाली उजव्या कोपऱ्यात दिसत असे, ती कोठेच दिसत नाही. ती दाखवणारा ‘शोसीएमडी’ हा पर्याय चालूच आहे. ती अधिक वेळ टिकावी या समजुतीने ‘टाइमआउटलेन’ १००० वरून ३००० केले, तरी उपयोग झाला नाही. मिळवलेली ओळ परत न देता हे साधता येईल का?

उत्तर १
येईल. ‘शोसीएमडी’ आपला मजकूर सर्वांत खालच्या ओळीत लिहिते आणि आपण तीच ओळ काढून टाकली आहे. निओव्हिमच्या ०.९ आवृत्तीपासून ‘शोसीएमडीलोक’ हा पर्याय मिळतो. त्याला ‘स्टेटसलाइन’ (खिडकीच्या तळाची माहितीची ओळ) हे मूल्य द्यावे, ‘टॅबलाइन’ (वरची टॅबची ओळ) हेही चालते. मात्र आपली स्टेटसलाइन स्वतः रचलेली असेल, तर तिच्यात हव्या त्या जागी टक्केचिन्ह आणि त्याला लागून कॅपिटल एस लिहावे लागते, अन्यथा काहीच दिसणार नाही. बहुतेकांचे घोडे येथेच अडते. व्हिज्युअल मोडमध्ये, म्हणजे मजकूर निवडताना, किती अक्षरे वा ओळी निवडल्या, तो आकडाही मग तेथेच दिसू लागतो.

उत्तर २
‘टाइमआउटलेन’ कृपया पुन्हा १००० करावे. तो आकडा मिलिसेकंदांत असतो आणि मॅप केलेल्या, म्हणजे वेगळे काम नेमून दिलेल्या, कळींच्या क्रमात पुढची कळ येते का, याची किती वाट पाहायची एवढेच तो ठरवतो. नुसत्या डीनंतर संपादक पुढच्या कळीसाठी कितीही वेळ थांबतो, तेथे या आकड्याचा संबंध नाही. उलट, एक मॅपिंग दुसऱ्या मोठ्या मॅपिंगचा आरंभ असेल, तर ३००० मुळे आपल्याला तीन सेकंद ताटकळावे लागेल. आपल्या मनात बहुधा ईमॅक्स या दुसऱ्या संपादकातील ‘एको-कीस्ट्रोक्स’ हा पर्याय असावा. तेथे अर्धवट कमांड किती सेकंदांच्या विरामानंतर दाखवायची हे खरोखरच ठरवता येते. मूळ मूल्य एक सेकंद असते आणि शून्य दिल्यास ती मुळीच दिसत नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. स्टेटसलाइन मी स्वतःच रचली होती. तिच्यात ते चिन्ह घालताच कमांड दिसू लागली. तरीही कधीकधी डी दाबूनही जागा रिकामीच राहते.

उत्तर १
त्या वेळी संगणकाचा कळफलक मराठी इनस्क्रिप्टवर राहिलेला असावा. त्यात डीच्या कळीवर हलन्त असल्याने कमांड सुरूच होत नाही. म्हणजे रिकामी जागाही एका अर्थी खरेच सांगते आहे. माझ्या मते अशा वेळी संगणकाचा कळफलक इंग्रजीतच ठेवावा आणि निओव्हिमच्या ‘कीमॅप’ (कोणत्या कळीला कोणते अक्षर हे ठरवणाऱ्या) पर्यायासाठी देवनागरीची फाइल एकदाच तयार करावी. इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर टाइप करताना) कंट्रोल आणि सहाचा आकडा दाबून भाषा बदलता येते, नॉर्मल मोडमधील (कळी आज्ञा म्हणून वापरतानाच्या) कमांड मात्र इंग्रजीच राहतात. शिवाय मराठी चालू असताना एफ दाबून ओळीतील पुढचा ‘क’ शोधायचा असेल, तर एफ इंग्रजीत आणि त्यानंतरचे अक्षर देवनागरीत घेतले जाते.