'उसने बोल' की 'उष्टे बोल'?

रावेरकर: केळीच्या नव्या बागायतदारांना सल्ला कसा द्यावा, याचं बुऱ्हाणपूरकडचं हिंदी पत्रक मराठीत आणतोय. 'उधार की बातें मत सुनाइए' याचं मी 'उसने बोल ऐकवू नका' केलं. चोपड्याचा मित्र म्हणतो, उसनं घेतलेलं परत करायचं असतं, बोल कोण परत करतं? 'उष्टे बोल' लिही. काय बरोबर?

धुळेकरीण: उष्टे नको. मूळ 'उच्छिष्ट', आणि 'व्यासोच्छिष्टं जगत्सर्वम्' म्हणताना त्यात व्यासांचा गौरवच आहे. 'उसने अवसान' चालतं, तसे उसने बोलही चालतात. ते कोण परत करतं?

भुसावळकर: आधी 'सल्ला' काढा, तो अरबी. 'मार्गदर्शन' लिहा.

धुळेकरीण: ते संस्कृतातून उसनं! शेतकरी सल्लाच मागतो, भाऊ.

पारोळेकर: आमच्या अहिराणीत सरळ विचारतात, 'हाई तुनं बोलनं शे का दुसरानं?'

यावलकर: शब्द कुठलाही घाला, पण ते वाक्य गाळू नका. माझ्या कांदेबागेतल्या केळीची निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, रखडली होती. एका जाणकारांनी धीरावरची दोन सुभाषितं ऐकवली नि गेले. शेजारचे आबा आले, बुंध्याजवळची माती उकरून मुठीत दाबली. ढेकूळ बांधेना. मग ठिबकची नळी उचलली, तर छिद्रं क्षारानं बुजलेली. 'आधी नळ्या धू,' एवढंच म्हणाले.

सावदेकर: म्हणून वचनं टाकाऊ होत नाहीत. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, मुलानं उतरवून ठेवलं म्हणून 1952 साली त्यांची गाणी छापली गेली. आज घरोघरी त्याच ओळींनी लेकीसुनांची समजूत काढतात. माझी आई तर म्हणींशिवाय बोलायचीच नाही. पण कुठली म्हण कुणाला आणि कधी सांगायची, ही अक्कल तिची स्वतःची होती. तिचा सल्ला मला कधीच उसना वाटला नाही.

यावलकर: ताई, आईंचं वेगळं. एरवी सल्ला चुकला की माणूस म्हणीमागे लपतो. आबा चुकले असते तर मी त्यांच्याच दारात जाऊन जाब विचारला असता. त्यांनाही ते ठाऊक होतं.

सावदेकर: दादा, मग दोष लपणाऱ्याचा, म्हणीचा का?

रावेरकर: मंडळी, पत्रक उद्या छापायला जातंय. उसने की उष्टे?

पारोळेकर: यावलकर, तुमच्याकडे 'निसवण' केळीचीच म्हणतात का? आमच्याकडे ज्वारीही पोटरीतून निसवते.