बालगृहातून बाहेर पडणाऱ्या दोन मुलांना रिकामा फ्लॅट द्यायचा आहे, काय काय बघावं लागेल?

कोल्हापूरकर_काका

नमस्कार मंडळी. मी बँकेतून निवृत्त झालोय. विद्यापीठाच्या बाजूला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मुलगा बंगळूरला, त्यामुळं फ्लॅटला कुलूप. इथल्या एका बालगृहात मी रविवारी दहावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवायला जातो. त्यातल्या दोघांना येत्या जूनमध्ये १८ पूर्ण होतील. एक आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय, दुसरा बारावी कॉमर्सला. अधीक्षक म्हणाले, "काका, १८ झाले की आम्हाला ठेवता येत नाही." एकाची आई आहे, पण तिचं दुसरं घर झालंय आणि तिथं याला जागा नाही. दुसऱ्याचं कोणीच नाही.

वर्षभर फ्लॅट द्यावा म्हणतो. भाडं नको. सौ. म्हणतात, "द्या की, पण पोरं एकटी राहतील का?" सोसायटीचे चेअरमन म्हणतात, बॅचलर नकोत. तर कायद्यानं हे चालतं का? सरकारी सोय काही आहे का? आणि घरात काय काय ठेवावं? दोन कॉट आणि कपाट घेऊन ठेवलंय, गॅस बघतोय.

काळाकोट

काका, हेतू चांगला आहे, पण तोंडी काही करू नका. भाडं नाममात्र लावा, लीव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचा करा आणि तो नोंदवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती द्या. सोसायटीला लेखी कळवा. कळवावं लागतं, परवानगी मागावी लागत नाही. चेअरमनसाहेबांना उपविधींत बॅचलरबंदी कुठे लिहिली आहे ते दाखवायला सांगा.

एक मात्र सांभाळा. १८ पूर्ण व्हायच्या आत, बाल कल्याण समितीच्या (अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी सरकारी समिती) आदेशाशिवाय एक रात्रही मुलांना तिथे ठेवू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय कायद्याखाली नोंदणी लागते, ती नसेल तर शिक्षेची तरतूद आहे. "मी फक्त मदत करत होतो" हे तिथे चालत नाही.

भाकरतुकडा

काका, कॉटचे पैसे परत मिळत असतील तर घ्या.

पुण्यात एका संस्थेच्या ग्रुप होममध्ये मी बरीच वर्षं ताई म्हणून होते. १८ ते २१ वयाच्या सहाजणी एका फ्लॅटमध्ये, मी त्याच मजल्यावर. आम्हीही हौसेनं कॉट, टेबल, दाराला आतून कडी असं सगळं केलं होतं. रात्री बघावं तर गाद्या ओढून सगळ्याजणी हॉलमध्ये एका रांगेत. तीसजणींच्या हॉलमध्ये वाढलेल्या मुलीला एकटीच्या खोलीत झोप येत नाही. कुणाचं खोकणं, कुणाचं पाण्याला उठणं कानावर पडलं नाही तर ती जागीच. सहा-आठ महिन्यांनी एकेक गादी आपोआप खोलीत जाते, आपण घाई करायची नाही. वहिनींना सांगा, राहायला शिकतात, पण आधी दोघं मिळून एकटी राहतात.

स्वयंपाक येतो का विचारलंत तर "हो" म्हणतील, आणि ते खोटं नसेल. आमची एक मुलगी पन्नास माणसांची आमटी डोळे मिटून करायची. दोघींना डाळ किती घ्यायची ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या खेपेला पातेलंभर वरण झालं, मग सकाळ-संध्याकाळ तेच. मंडईत पाव किलो भाजी मागता येते हेही तिला नवीन होतं, कारण तिनं भाजी फक्त टेम्पोतून पोत्यानं उतरताना बघितलेली. तेव्हा घरात दोन लिटरचा लहान कुकर ठेवा, मोठा नको. मोठा असला की मोठाच वापरतात.

दुसरीची गोष्ट कुलपाची. संध्याकाळी कामावरून मी जिना चढत होते, तर ही दाराबाहेर पिशवी पायाशी ठेवून उभी. म्हटलं, "किल्ली विसरलीस?" तर म्हणाली, "नाही, आहे की." किल्ली पर्समध्येच होती. लहानपणापासून दार कोणीतरी दुसऱ्यानं उघडायचं, आपण रांगेत थांबायचं. तिनं पर्स उघडली, किल्ली उलटी-सुलटी करून बघितली आणि मला म्हणाली, "उघडू?"

हे "उघडू?", "आणू?", "गोळी घेऊ?" फार दिवस चालतं. बालगृहाची चूक काढत नाही मी. शंभर मुलं आणि मूठभर काळजीवाहक, तिथं घंटेशिवाय गाडा चालत नाही. पण बारा वर्षं घंटेवर उठलेल्या पोराला १८ च्या वाढदिवशी कोणी घड्याळ देत नाही. म्हणून हा सराव सोळाव्या वर्षीच सुरू व्हायला हवा: स्वतःचं बँक खातं, स्वतः तिकीट काढून केलेला प्रवास, एका आठवड्याचा स्वतःचा बाजारहाट. तुमच्या हातात जूनपर्यंतचे रविवार आहेत. गणित थोडं बाजूला ठेवा आणि दोघांना महाद्वारला घेऊन जा, शंभर रुपयांत दोन दिवसांची भाजी आणायला लावा. भाव तुम्ही करू नका.

आता सरकारी सोय. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ प्रमाणे संस्थेतून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत देता येते, त्यालाच अनुरक्षण म्हणतात. ते २१ पर्यंत, आणि विशेष परिस्थितीत २३ पर्यंत वाढवता येतं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत त्यासाठी महिन्याला ४००० रुपये धरले आहेत. शासकीय अनुरक्षण गृहंही आहेत, पण मोजकीच, आणि तीही बहुतेक मुलांसाठी. मुलींची गाडी बऱ्याचदा महिला राज्यगृहाकडे (निराधार बायकांच्या सरकारी निवाऱ्याकडे) वळते, त्यावर कधीतरी वेगळा धागा काढेन, इथं चिडून उपयोग नाही.

अर्ज मुलं बाहेर पडण्याआधीच जिल्हा बाल संरक्षण कक्षात जायला हवा. मुलांच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात पुढची सोय लिहिली आहे का ते अधीक्षकांना विचारा. "काका फ्लॅट देणार आहेत" एवढी एक ओळ तिथं आली तरी बाल कल्याण समितीसमोर विषय निघतो. कागद आतच गोळा करा: शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा असेल तर तो, आधार, आणि बालगृहात किती वर्षं होता त्याचं पत्र. बाहेर पडलेल्या पोराला नंतर त्याच कार्यालयात "उद्या या" ऐकायला लागतं. अज्ञान (१८ च्या आतला) म्हणून काढलेलं खातं १८ नंतर नव्यानं केवायसी करून घ्यावं लागतं. तुम्ही बँकेतले, ते तुमच्यावर सोडते.

ज्याचं कोणीच नाही त्याचं अनाथ प्रमाणपत्र आहे का बघा. राज्यात २०१८ पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण आहे. अमृता करवंदे या मुलीच्या पाठपुराव्यातून तो निर्णय झाला. ती गोव्यातल्या अनाथाश्रमातून १८ व्या वर्षी बाहेर पडून पुण्याला आली होती. ज्याची आई आहे त्याला मात्र हे मिळणार नाही. आई असून नसल्यासारखी, असा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो. या मुलाकडं जास्त लक्ष ठेवा, कारण बाकी सगळे म्हणतील, "याला आई आहे ना!"

शेवटचं, थोडं कडू लागेल. घरमालक आणि गणिताचे सर एकच माणूस असू नये. नोकरी सुटली, पैसे संपले, रात्री मित्रांशी भांडण झालं, यातलं काहीही पोरं तुम्हाला सांगणार नाहीत, कारण छप्पर तुमचं आहे. शक्य असेल तर फ्लॅट एखाद्या नोंदणीकृत संस्थेला लिहून द्या, नियम-बियम संस्था बघेल. तुम्ही सर राहा.

एक_जून

ताईंनी लिहिलंय ते तंतोतंत. मी स्वतः बालगृहातला. आयडी असा का, तर आमच्यात निम्म्यांची जन्मतारीख १ जून. शाळेत घालताना हीच टाकलेली. त्यामुळं एकाच दिवशी सगळे १८ चे होतात, ते पण कॉलेजच्या प्रवेशाच्या तोंडावर.

काका, दिवाळीचं बघा. मी खाणावळीत जेवायचो. दिवाळीत खाणावळ बंद, रूममेट गावाला, कंपनीला सुट्टी. सगळे विचारतात, गावाला कधी निघणार. दोन वर्षं मी "उद्या" असंच सांगितलं. एखाद्या दिवशी फराळाला बोलवाल, ते चांगलंच. पण आदल्या आठवड्यात बोलवा, आयत्या वेळी दया आल्यासारखं नको.

आणि पहिल्या पगारात मोबाईल हप्त्यावर घेणार, लिहून ठेवा. अडवू नका. फक्त कोणी कर्जाला जामीन राहायला सांगितलं तर सही करायची नाही, हे आत्ताच सांगा. आम्हाला कोणी "भाऊ" म्हटलं की आम्ही सही करतो.

लेस्टरची_माई

मी इंग्लंडमध्ये अशाच निवासात की-वर्कर (ठरावीक मुलांची जबाबदारी असलेली कर्मचारी) आहे. इकडं १६-१७ वर्षांच्या मुलांना ठेवणाऱ्या अशा घरांना २०२३ पासून ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडं नोंदणी सक्तीची झाली. त्याआधी कोणीही चार खोल्या घेऊन सुरू करायचं, आणि काही ठिकाणी फार वाईट प्रकार झाले. म्हणून काळाकोट म्हणतात ते मनावर घ्या.

इकडची एक गोष्ट मला आवडते. केअरमधून, म्हणजे सरकारी देखभालीतून, बाहेर पडलेल्याला २५ वर्षांपर्यंत एक ठरलेला पर्सनल ॲडव्हायजर (सल्ला-मदत करणारा माणूस) मागता येतो. घर मांडायला ३००० पौंडांपर्यंत भत्ताही असतो. पण पोरं पैशांपेक्षा त्या माणसाचीच आठवण काढतात. बदलला की रुसतात. भाकरतुकडा, तुमची आमटीवाली मुलगी आता कुठे आहे?

भाकरतुकडा

माई, ती चाकणला एका कॅन्टीनमध्ये आहे, मोठ्या पातेल्यांपाशी! खूश आहे.

कोल्हापूरकर_काका

सगळ्यांचे आभार. कॉट दुकानदार परत घेत नाही, असू दे. भाकरतुकडा ताई, तुमचं कडू सौं.ना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, तुम्ही घरमालक म्हणून शोभत नाहीच." उद्या बाल संरक्षण कक्षात जाऊन येतो. इथं कुठली संस्था फ्लॅट घ्यायला तयार होईल तेही तिथंच विचारतो.

एक राहिलं. रात्री किती वाजेपर्यंत घरी यायचं, कोणाला आणायचं, असे नियम घालायचे का? आणि वीजबिल कोणी भरायचं?

भाकरतुकडा

बिल त्यांनीच. मोबाईल नंबर त्यांचा नोंदवा म्हणजे महावितरणचा मेसेज तुम्हाला येणार नाही. आला की तुम्ही भरून मोकळे व्हाल, मी ओळखते तुमच्यासारख्यांना. आमच्याकडं आठवड्याचे पैसे सोमवारी हातात द्यायचो. बुधवारी संपले तर गुरुवारपासून पोहे, पुढचा सोमवार येईपर्यंत वाढवून द्यायचं नाही. एक-दोन महिन्यांत शुक्रवारपर्यंत पुरायला लागतात.

वेळेचा नियम घालू नका, मोठी माणसं आहेत. रात्री उशीर होणार असेल तर दुसऱ्याला फोन करायचा, एवढं त्या दोघांनी आपसात ठरवू दे. पाहुण्यांचं मात्र करारात लिहा, नाहीतर बालगृहातून पुढच्या जूनला बाहेर पडणारे सगळे तुमच्याच हॉलमध्ये येऊन झोपतील. त्यांनाही जागा नसते, आणि तुमची पोरं नाही म्हणणार नाहीत.

गॅसला मोठ्या कनेक्शनच्या मागे लागू नका. ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. तो दोघांनी जाऊन आणू दे. रेग्युलेटर लावायला दुकानदाराकडूनच शिकून घेतील.