प्रिंट काळपट का येतात?

बहिणीच्या लग्नाचे फोटो मोबाइलवर लख्ख दिसले आणि प्रिंट काळपट आले, अशी एकाची तक्रार वाचली. भाचीच्या लग्नात माझंही अगदी हेच झालं. हळदीच्या फोटोत चेहरे दिसत होते, पण आजीच्या नऊवारीचा जांभळा रंग थेट काळा होऊन आला. फार वाईट वाटलं.

कारण साधं आहे. स्क्रीन स्वतः उजेड फेकतो, कागद फेकत नाही. स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा, मगच फोटो किती उजळायचा ते ठरवा. सगळे एकदम छापायला टाकू नका. आधी चार-पाच फोटोंचे ४×६ इंची प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा. फाइल एसआरजीबीमध्ये (रंगांची सर्वसाधारण प्रमाणित पद्धत) द्या आणि लॅबला त्यांचं ऑटो करेक्शन (रंग-उजेड आपोआप बदलणं) बंद ठेवायला सांगा, नाहीतर हळदीचा पिवळा रंग 'सुधारून' टाकतात.

आणखी एक, मापाचं. बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांची चौकट ३:२ असते, म्हणून ४×६, ८×१२, १२×१८ बरोबर बसतात. ८×१० केलं की लांबीतले दोन इंच जातात. आमच्या अंतरपाटाच्या फोटोत कडेला उभा असलेला मामाच कापला गेला!

८×१२ ला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) २४००×३६०० पिक्सेल लागतात. नातेवाइकांनी काढलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा. साधे पाठवले की आकार घटतो. कागद मॅट (चकचकीत नसलेला) घ्या, अल्बम हातोहात फिरतो तेव्हा बोटांचे ठसे कमी दिसतात.