धावण्याच्या स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून नाव द्यायचे आहे. कोणते काम मागावे?

प्रश्न – जुळे सोलापूरकर

नमस्कार. आमच्या परिसरातील काही धावपटू मंडळी जानेवारीच्या अखेरच्या रविवारी ५ आणि १० किलोमीटरची दौड आयोजित करण्याच्या तयारीत आहेत. सोलापूरच्या होम मैदानापासून निघायचे, रंगभवन आणि सात रस्ता ओलांडून होटगी रस्त्याने आसरा चौकाच्या बाजूला जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, असा मार्ग सध्या त्यांच्या मनात आहे. सुमारे पाचशे स्पर्धक येतील असा त्यांचा अंदाज आहे. स्वयंसेवकांसाठी एक अर्ज फिरत असून त्यात मार्ग व वाहतूक, पाणी, बिब (धावपटूने छातीवर लावायचा क्रमांक) वाटप, सामान कक्ष, अंतिम रेषा आणि वैद्यकीय मदत असे रकाने आहेत. त्यांपैकी दोन पसंती लिहायच्या आहेत.

मी स्वतः धावत नाही. एका पतसंस्थेत नोकरी करतो, त्यामुळे रविवार मोकळा असतो. गणेशोत्सवात मिरवणुकीच्या पुढे दोरी धरून चालण्याचा अनुभव आहे, परंतु धावण्याच्या स्पर्धेतील कामे त्याहून वेगळी असावीत असे वाटते. ज्याला या खेळातले फारसे कळत नाही अशा माणसाचा खरा उपयोग कोणत्या ठिकाणी होतो आणि काम स्वीकारण्यापूर्वी आयोजकांना कोणते प्रश्न विचारून घ्यावेत, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. माझी मुलगी नववीत आहे आणि तिलाही यायचे आहे. तिला कोणते काम देता येईल?

उत्तर – सात रस्ता

आपण 'मार्ग व वाहतूक' हा रकाना पहिल्या पसंतीत लिहावा, असे मी सुचवीन. या रकान्यात नावे नेहमीच कमी येतात, कारण अंतिम रेषेवर पदके घालण्यात जो आनंद आहे तो एखाद्या गल्लीच्या तोंडाशी पहाटे उभे राहण्यात नाही. मात्र माणसे सर्वांत जास्त लागतात ती तिथेच. सात रस्त्यासारख्या मोठ्या चौकात वाहतूक पोलीस असतात. खरी अडचण दोन चौकांच्या मधल्या भागात येते, जिथे सोसायटीच्या फाटकातून अचानक मोटार बाहेर पडते, दूधवाला उलट्या बाजूने येतो किंवा रुग्णालयात निघालेल्या माणसाला थांबायला वेळ नसतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्यावी. वाहने अडवण्याचा अधिकार पोलिसांचा आहे, स्वयंसेवकाचा नाही. आपले काम विनंती करण्याचे आहे. दुचाकीवाल्याला आणि धावपटूला, दोघांनाही आपण दिसू अशा जागी उभे राहायचे आणि "एवढा घोळका गेला की सोडतो, दोन मिनिटं दम धरा" असे शांतपणे सांगायचे. दोन घोळक्यांच्या मध्ये बऱ्यापैकी अंतर पडते, त्या वेळी वाहन सोडून द्यावे; उगाच शेवटच्या धावपटूपर्यंत कुणाला तिष्ठत ठेवले की शब्दाने शब्द वाढतो. रुग्णवाहिका आली तर धावपटूंना बाजूला घ्यायचे, तिथे विचार करत बसायचे नाही.

होटगी रस्त्याबाबत विशेष काळजी सुचवतो. जानेवारी म्हणजे ऐन गाळप हंगाम. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चटकन थांबू शकत नाही, पुष्कळदा मागे दिवा नसतो आणि चालकाच्या कानाशी गाण्यांचा आवाज इतका मोठा असतो की शिट्टीही ऐकू जात नाही. अशा वाहनापुढे हात करून कधीही उभे राहू नये. शिट्टी धावपटूंसाठी वाजवावी आणि त्यांना कडेला घ्यावे. आपल्याला कन्नड येत असेल तर अर्जात आवर्जून लिहा, कारण अक्कलकोट किंवा इंडीकडून येणाऱ्या चालकाशी त्याच्या भाषेतले एक वाक्य पुरेसे होते. मार्ग पूर्व भागातून जाणार असता तर मी तेलुगूबद्दल हेच म्हटले असते.

परतीच्या वळणावर नेमणूक झाली तर ती जबाबदारी सर्वांत नाजूक समजावी. तिथे ठेवलेला शंकू म्हणजे शर्यतीचे माप असते. काटेकोर मोजणीत रस्त्यावरील सर्वांत जवळच्या रेषेने अंतर मोजतात आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारात एक या प्रमाणात, म्हणजे १० किलोमीटरला १० मीटर, जास्त धरतात. एखाद्या रिक्षाला जागा द्यावी म्हणून कुणी तो शंकू पाच मीटर अलीकडे सरकवला, तर जाण्यायेण्याचे मिळून दहा मीटर कमी होतात आणि ती सगळी खबरदारी तिथेच संपते. म्हणून आदल्या दिवशी रस्त्यावर रंगाची खूण करून घ्यावी, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक टिपावा आणि मोबाइलमध्ये छायाचित्र ठेवावे. स्पर्धा संपल्यावर कुणी ना कुणी मनगटावरचे घड्याळ दाखवून "तुमचं अंतर जास्त आहे" अशी तक्रार करतोच. वळणावर तो बाहेरच्या बाजूने धावलेला असतो आणि घड्याळाच्या उपग्रह-मोजणीतही थोडी चूक असते. वाद घालू नये, आयोजकांकडे पाठवावे.

आता आयोजकांना विचारायचे ते. पोलीस आयुक्तालयाची आणि महापालिकेची परवानगी लेखी हातात आहे का? माझ्या मागच्या आणि पुढच्या स्वयंसेवकाचा दूरध्वनी क्रमांक मला कधी मिळेल? शेवटच्या धावपटूच्या मागून येणारी गाडी कोणती, म्हणजे ती गेल्यावरच मी जागा सोडीन? सुरुवात किती वाजता? रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेपाचला जागेवर उभे राहायचे असेल तर चमकणारे जाकीट आणि विजेरी हवी, आणि ती आयोजकांनी द्यावी.

शेवटी एक शंका. जानेवारीच्या अखेरीस होम मैदानावरचे गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या बाजाराचे, पाळणे आणि दुकाने हललेली असतात का? संक्रांतीच्या यात्रेचा बाजार अक्षता सोहळा आणि होम झाला म्हणून लगेच उठत नाही. शिवाय यात्रेच्या बंदोबस्तातून नुकत्याच मोकळ्या झालेल्या पोलिसांकडून रविवार पहाटेसाठी मनुष्यबळ मागणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

उत्तर – पाण्याच्या टेबलावरून

वरील उत्तरातील बाकी सर्व मान्य आहे, परंतु पहिल्याच खेपेस माणसाला एकट्याने गल्लीच्या तोंडाशी उभे करणे मला पटत नाही. पाण्याच्या टेबलावर आठ-दहा जण सोबत असतात, शर्यत कशी पुढे सरकते ते डोळ्यांसमोर दिसते आणि चुकलेले सावरून घ्यायला शेजारी कुणीतरी असते. पुढच्या वर्षी खुशाल मार्शल, म्हणजे मार्गावरचा स्वयंसेवक, व्हावे.

हे काम सोपे दिसते, पण हिशेब आधी करावा लागतो. तुमच्या मार्गावर जाताना आणि येताना एकच टेबल दोनदा लागेल. पाचशे जण, प्रत्येकी दोन वेळा, दर वेळी १५० मिलिलिटर असे धरले तर १५० लिटर होतात. सांडणारे आणि अंगावर ओतून घेतले जाणारे धरून २०० लिटर, म्हणजे वीस लिटरचे दहा जार लागतील. जारवाला रविवारी पहाटे वेळेवर येईल या भरवशावर राहू नये, जार शनिवारी संध्याकाळीच आणून ठेवावेत. घरच्या नळावर विसंबण्याचा प्रश्नच येत नाही. पाण्याची पाळी नेमकी कोणत्या दिवशी येईल ते आपल्या शहरात कुणाला सांगावे!

पेला अर्धाच भरावा. तो मुठीत धरू नये, कारण धावणाऱ्याला तो हिसकावून घ्यावा लागतो आणि पाणी दोघांच्याही अंगावर जाते. वरची कड दोन बोटांत हलकेच धरून हात लांब करावा आणि धावपटूच्या डोळ्यांकडे पाहावे, म्हणजे हा पेला आपल्यासाठी आहे हे त्याला कळते. सगळे धावपटू पहिल्याच टेबलाकडे झेपावतात, म्हणून एका ठिकाणी दाटी न करता टेबले रस्त्याच्या कडेने लांबवर मांडावीत आणि "पुढे आहे, पुढे पाणी आहे" असे ओरडत राहावे. क्षारमिश्रित पेय ठेवायचे असेल तर ते वेगळ्या टेबलावर ठेवून त्याचे नाव मोठ्याने उच्चारावे. पाणी समजून कुणी ते डोक्यावर ओतून घेतले तर उरलेली शर्यत चिकट होते.

रिकामे पेले टाकायच्या टोपल्या टेबलाशेजारी ठेवण्याऐवजी तिथून पन्नास ते शंभर मीटर पुढे ठेवाव्यात, कारण पिऊन होईपर्यंत धावपटू तेवढे अंतर गेलेला असतो. डांबरावर पडलेल्या ओल्या पेल्यांवरून पाय घसरतो, म्हणून झाडू घेतलेला एक माणूस केवळ त्यासाठी असावा. आणि पेले शेवटच्यांसाठी राखून ठेवावेत. १० किलोमीटर चालत-धावत पूर्ण करणाऱ्या साठीच्या काकूंना रिकामे टेबल दिसणे, यासारखी लाजिरवाणी गोष्ट आयोजनात दुसरी नाही.

उत्तर – वैद्यकीय कक्षातून

मी पेशाने डॉक्टर असून अशा स्पर्धांच्या वैद्यकीय कक्षात बसतो. आपण कोणतेही काम घेतले तरी पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात.

शर्यत पूर्ण करून थांबल्यावर जो चक्कर येऊन बसतो, त्याचे कारण बहुधा साधे असते: पाय थांबले की रक्त खालच्या भागात साचते आणि रक्तदाब उतरतो. त्याला आडवे करून पाय वर उचलावेत, बहुतेक वेळा थोड्याच वेळात बरे वाटते. म्हणूनच अंतिम रेषेवरील स्वयंसेवकांनी छायाचित्रासाठी कुणाला थांबवू नये, चालत ठेवावे. मार्गात धावता धावता जो कोसळतो त्याच्याबाबत मात्र अधिक गंभीर शक्यता धरून चालावे.

पाऊल वेडेवाकडे पडणे, असंबद्ध बोलणे, विनाकारण चिडणे ही उष्माघाताची लक्षणे असू शकतात आणि थंडीच्या दिवसांतही तो होतो, कारण उष्णता स्नायूंमधून निर्माण होत असते. अशा माणसाला त्याचे नाव आणि आपण कुठे आहोत ते विचारावे. उत्तर गोंधळलेले आले तर त्याला पुढे धावू देऊ नये, मग तो कितीही "मी ठीक आहे" म्हणो. आधी थंड करायचे आणि मग हलवायचे, असा क्रम आहे. मी आयोजकांना नेहमी बर्फाच्या पाण्याने भरलेला टब आणि त्यात बुडवलेले टॉवेल ठेवायला सांगतो. मानेवर, काखेत, जांघेत आणि अंगभर ते टॉवेल सतत बदलत राहायचे. या कामाला आपल्या सोलापूरच्या जाड टेरी टॉवेलइतकी चांगली वस्तू मला सापडलेली नाही, कारण तो भरपूर थंड पाणी धरून ठेवतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही असे दिसले तर १०८ वर दूरध्वनी करण्यास दुसऱ्याला सांगून स्वतः छातीवर दाब द्यायला लागावे: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर सराव करावा लागतो. आयोजकांकडे त्या प्रशिक्षणाची मागणी करा. आपण उभे आहोत त्या जागेची खूण एका वाक्यात सांगता आली पाहिजे. 'होटगी रोडवर' एवढ्यावर रुग्णवाहिका पोहोचत नाही.

पाण्याच्या टेबलावरील मंडळींना एक विनंती. "प्या, प्या, अजून प्या" असा आग्रह नको. तहानेपेक्षा फार जास्त पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम घटते आणि ते जिवावर बेतू शकते.

पुन्हा – जुळे सोलापूरकर

सर्वांचे आभार. गड्ड्याची शंका आयोजकांच्या कानावर घातली. मैदान मोकळे मिळण्याची खात्री त्यांनाही नव्हती, त्यामुळे आता फेब्रुवारीतील रविवार पाहत आहेत. परवानगीचे अर्ज मात्र अजून गेलेले नाहीत. मी पाणी ही पहिली आणि मार्ग ही दुसरी पसंती लिहिली आहे. मुलीबद्दल कुणी काही सुचवले नाही.

उत्तर – सात रस्ता

परवानगीचे अर्ज गेलेले नसतील तर तारीख जाहीर करण्याची घाई करू नका, असे त्यांना माझ्या वतीने सांगा. छापलेल्या टी-शर्टवरची तारीख खोडता येत नाही. ऊस फेब्रुवारीतही असेल, तेव्हा ट्रॅक्टरबद्दलची सूचना तशीच लागू समजावी.

मुलीला शनिवारच्या बिब वाटपात घ्यावे. यादीतून नाव शोधणे, क्रमांक जुळवून पाहणे आणि बिबच्या मागे रक्तगट व घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिला आहे की नाही ते तपासून कोरा असल्यास तिथेच भरून घेणे, हे काम ती मोठ्यांपेक्षा चोख करील, आणि वरच्या डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी त्याचाच उपयोग होईल. रविवारी ती तुमच्याच टेबलावर असू द्या, पण पेले भरण्याच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला नको. आयोजकांनी पालकांची लेखी संमती मागितली पाहिजे. मागितली नाही तर आपणच लिहून द्यावी.