इंदूरच्या आसपास लहान गावात सहकुटुंब राहायला जायचंय, गाव सुचवा

खडीसाखर:
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, राजेंद्र नगरमधे राहतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई (वय ७१, बीपी आणि गुडघे), मुलगी चौथीत, मुलगा केजीत. ह्यांचं काम घरूनच चालतं, महिन्यातून एखाद-दोनदा ऑफिसला तोंड दाखवावं लागतं. मी आधी शाळेत शिकवायचे, आता घरीच ट्यूशन घेते. गेल्या दोन-तीन वर्षांत शहर इतकं वाढलंय की सासूबाईंना संध्याकाळी रस्ता ओलांडून देवळात जायचं तरी कुणीतरी सोबत लागतं, आणि मुलांना खेळायला पार्किंगशिवाय जागा नाही. म्हणून इंदूरपासून दोन तासांच्या आत, नदी किंवा डोंगर जवळ, थोडंफार अंगण असलेलं घर मिळेल असं लहान गाव शोधतोय. सध्या डोक्यात नर्मदाकाठचे महेश्वर आणि मंडलेश्वर आहेत कारण फिरायला गेलो की तिथून पाय निघत नाही. महू आणि देवासही बघतोय. घर विकत घ्यायचा विचार आहे, राजेंद्र नगरचा फ्लॅट विकून. कुणी प्रत्यक्ष राहिलेलं असेल तर प्लीज खरं काय ते सांगा, शाळा, दवाखाना, नेट, लोक, सगळंच.

मालवा_एक्सप्रेस:
महू बघा ताई. गाव म्हणावं तर गाव, शहर म्हणावं तर शहर. फौजेचा मुक्काम असल्यामुळे केंद्रीय विद्यालय आहे, आर्मीच्या शाळा आहेत, बाजार चांगला, इंदूर २०-२५ किलोमीटर, म्हणजे सासूबाईंचे आत्ताचे डॉक्टर बदलावे लागणार नाहीत. पातालपाणी, चोरल, जानापाव सगळं हाताशी. फक्त एक लक्षात ठेवा, कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतली जमीन बहुतेक लीजची किंवा ओल्ड ग्रँटची (जमीन सरकारची, वापर फक्त आपला) असते, जुना बंगला स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळून जाऊ नका, एक भिंत पाडायची तरी बोर्डाची परवानगी लागते. हद्दीबाहेरचं घ्या. सिमरोलकडे आयआयटी आल्यापासून जमिनीचे भाव वर गेलेत, मानपूरकडे अजून त्यामानाने बरे आहेत.

आजोळ_धारचं:
धार कुणीच का सुचवत नाही? पवारांचं गाव, मराठी घरं पिढ्यानपिढ्यांची, तलाव आहेत, किल्ला आहे, जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे जिल्हा रुग्णालय, केंद्रीय विद्यालय, कॉलेज सगळं गावातच. इंदूर-अहमदाबाद हायवेवर आहे त्यामुळे सवा-दीड तासात इंदूर. रेल्वे मात्र नाही, इंदूर-दाहोद लाइनची पायाभरणी २००८ साली झाली आणि काम अजून चालूच आहे, तेव्हा रेल्वे येणार म्हणून भाव सांगणाऱ्या दलालाकडून प्लॉट घेऊ नका. आणि इंदूर-धारच्या मधे पीथमपूरच्या बाजूला स्वस्त कॉलोन्या दाखवतील, तिकडे मी तरी लहान मुलांना घेऊन जाणार नाही. दिवसरात्र ट्रक आणि कारखाने, आणि भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा २०२५ मधे तिथेच आणून जाळला, लोकांनी केवढा विरोध केला होता ते आठवत असेलच.

रेवाकाठ:
ताई, आम्ही मंडलेश्वरला राहतो, आधी इंदूरलाच लोकमान्य नगरला होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, मोठं होईल.

पहिलं म्हणजे तुम्ही महेश्वर-मंडलेश्वर पाहिलंय ते पावसाळ्यात नाहीतर थंडीत पाहिलं असणार. एकदा मे महिन्यात येऊन राहा. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, जाम घाट उतरलात की तुम्ही साधारण दीडशे मीटरवर येता, चारशे मीटरचा फरक म्हणजे काय ते घाट उतरताना गाडीच्या काचेला हात लावला की कळतं. निमाडात, म्हणजे घाटाखालच्या ह्या नर्मदाकाठच्या भागात, पारा ४४-४५ ला जाणं नेहमीचं आहे आणि मुख्य म्हणजे रात्र थंड होत नाही. मालव्यातली, म्हणजे इंदूरकडच्या पठारावरची, रात्र आपण गृहीत धरलेली असते, गच्चीवर गादी टाकली की झोप, इथे रात्री अकराला गच्चीची फरशी पायाला चटका देते. नदीच्या घाटाच्या पायऱ्यांवर दुपारी चारला अनवाणी उतरता येत नाही, आमच्याकडे पाहुणी आलेली मुलं ओल्या पायांनी वर पळत येतात आणि मधल्या पायरीवर पाय वाळला की रडायला लागतात. बीपीच्या माणसाला हा उन्हाळा सोपा नाही. एसी लागतोच, आणि लाइट गेली तर इन्व्हर्टरवर तो चालत नाही, म्हणून घर बघताना जाड भिंती आणि वर माळा असलेलं जुनं घर बघा, पत्र्याचं किंवा नुसत्या स्लॅबचं नको.

आता चांगलं सांगतो, कारण आम्ही इथे खूष आहोत. इंदूरला नळाला नर्मदेचं पाणी येतं ते १९७८ पासून इथल्याच जलूदहून वर चढवलं जातं, सत्तर किलोमीटर, तेव्हा पाण्याच्या उगमाशी राहायचं सुख आहेच. जिल्ह्याचं मुख्यालय खरगोन पण जिल्हा न्यायालय मंडलेश्वरला, त्यामुळे गाव लहान असूनही वकील, कारकून, बदलीवर आलेली साहेब मंडळी, असा शिकलेला वर्ग आहे आणि भाड्याची बरी घरं फिरती राहतात. महेश्वर आठ-दहा किलोमीटरवर आहे, वस्ती तिथे जास्त आणि टूरिस्टही जास्त, शनिवार-रविवारी किल्ल्याच्या रस्त्याला गाडी निघत नाही. रोज राहायला मंडलेश्वर, पाहुण्यांना दाखवायला महेश्वर, असं माझं मत. दोन्ही गावांत एप्रिल २०२५ पासून दारूची दुकानं बंद आहेत, घाटावर संध्याकाळी बायकामुलांना त्याचा फरक जाणवतो.

लोक खूप आपुलकीचे आहेत. निमाडी कानाला सुरुवातीला वेगळी लागते पण मुलं महिन्याभरात बोलायला लागतात. थंडीत परिक्रमावासी दारावरून जातात, निम्मे तरी महाराष्ट्रातले असावेत असं वाटतं, 'नर्मदे हर' म्हणून उभे राहिले की चहा तरी द्यायचाच, आणि त्यात सासूबाईंना मराठी बोलायला रोज नवं माणूस मिळेल. माझ्या आईचा एकटेपणा ह्यामुळेच गेला, तिने पडवीत एक बाकडं टाकून घेतलंय आणि कोण कुठून आलं, सांगलीचे की नांदेडचे, ते सगळं तिला माहीत असतं.

दवाखान्याचं स्पष्ट सांगतो. सरकारी दवाखाना आहे, ताप, जुलाब, टाके, बाळंतपण इतपत ठीक. रात्री छातीत दुखलं तर इंदूर. जाम गेटचा रस्ता जवळचा पण घाटाचा, पावसाळ्यात धुकं असतं आणि रविवारी तिथे पिकनिकवाल्यांची गर्दी. दुसरा रस्ता धामनोदवरून एबी रोडने (आग्रा-मुंबई रस्ता), लांब पडतो पण रात्री तोच धरावा, आणि त्याच रस्त्यावरच्या गणपती घाटाला पर्यायी रस्ता झाल्यापासून तो पूर्वीपेक्षा बराच बरा झालाय. कुठूनही गेलं तरी दोन तास धरून चला. रोजची औषधं मिळतात, एखादं खास औषध नाही मिळालं तर इंदूरहून बसच्या ड्रायव्हरजवळ पाठवतात, स्टँडवर जाऊन घ्यायचं, ती सोय मात्र मस्त आहे. सासूबाईंना हृदयाचा काही त्रास असेल तर मी स्वतः तुम्हाला इथे या म्हणणार नाही, आजोळवाल्यांचं धार किंवा महू बघा.

खडीसाखर:
रेवाकाठ दादा, इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. सासूबाईंचं हृदय ठीक आहे, ईसीजी वगैरे सगळं नॉर्मल, पण उन्हाळ्याचं वाचून विचारात पडलो. मुलीच्या शाळेचं काय? आमच्या मनात होतं की तिकडे गेल्यावर तिला नवोदयच्या (सहावीपासूनची सरकारी निवासी शाळा) परीक्षेला बसवू, ग्रामीण भागाला जागा जास्त असतात ना?

ट्यूशनवाले_सर:
ताई, इथे बरेच पालक फसतात म्हणून नीट सांगतो. नवोदयमधे निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना असतात हे बरोबर, पण त्यासाठी मुलाने तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. तुमची मुलगी चौथीपर्यंत इंदूरला शिकली म्हणजे तो कोटा गेला. आणि तसंही मंडलेश्वर, महेश्वर इथे नगर परिषद आहे म्हणजे सरकारच्या लेखी ते शहरच, दिसायला कितीही गाव असो. ती उरलेल्या जागांवर परीक्षा देऊ शकते, पाचवी ज्या जिल्ह्यात करेल त्याच जिल्ह्यातून. द्यायला हरकत काहीच नाही, हुशार मुलं निघतात, पण त्याच्या भरवशावर गाव निवडू नका.

मुलाचं मात्र आत्तापासून ठरवता येईल, तो केजीत आहे, तिसरीच्या आधी तुम्ही खरोखर ग्रामपंचायतीच्या गावात गेलात तर त्याला पूर्ण हक्क मिळतो.

आणि लहान गावात पाचवी-सहावीची शाळा कुठेही मिळते हो, प्रश्न नववीला येतो. गणित आणि सायन्सचे शिक्षक टिकत नाहीत, मधेच सोडून जातात. शाळा बघायला जाल तेव्हा बिल्डिंग आणि स्मार्ट बोर्ड बघू नका, अकरावीला सायन्सची बॅच चालू आहे का, आणि फिजिक्स शिकवणारे सर किती वर्षांपासून आहेत ते विचारा. सरकारी सीएम राइज शाळा, आता सांदीपनी म्हणतात, काही ठिकाणी खरंच छान झाल्यात, त्या बघितल्याशिवाय खाजगी शाळेची फी भरू नका. तुम्ही स्वतः शिकवता, तर तुमची ट्यूशन अशा गावात पहिल्याच वर्षी भरेल, चांगला शिक्षक मिळावा म्हणून इथे पालक अक्षरशः वाट बघत असतात.

रेवाकाठ:
सरांशी शंभर टक्के सहमत. आमच्या थोरल्याला दहावीनंतर इंदूरला आत्याकडे ठेवावं लागलं. ज्यांचं इंदूरला कुणीच नाही त्यांनी हा खर्च आधीच धरावा.

पटवारी_हलका:
जमिनीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. मी महसुलात होतो, आता रिटायर.

महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आपल्या एमपीत तसं नाही, कुणीही घेऊ शकतो, आणि म्हणूनच लोक घाईने घेऊन बसतात. दलाल शेताचे तुकडे पाडून चुन्याच्या रेघा मारतो आणि कॉलोनी म्हणून विकतो. डायव्हर्शन (शेतजमीन बिगरशेती करणं) झालंय का, टीएनसीपीचा (नगररचना विभागाचा) नकाशा मंजूर आहे का, कॉलोनी रेरात आहे का, ह्या तीन कागदांशिवाय बयाणा देऊ नका. खसरा आणि बी-१ (जमिनीचे सरकारी उतारे) ऑनलाइन निघतात, पण पटवाऱ्याबरोबर (तलाठ्याबरोबर) जागेवर उभं राहून चतुःसीमा बघा. शेजाऱ्याला विचारा रस्ता कुणाचा, कारण आत जायचा रस्ता बरेचदा दुसऱ्याच्याच जमिनीत असतो आणि भांडण तिथून सुरू होतं.

दुसरं, धार, बडवानी, झाबुआ, अलीराजपूर ह्या बाजूला अधिसूचित आदिवासी क्षेत्र मोठं आहे. तिथे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येतच नाही, भू-राजस्व संहिता १९५९ चं कलम १६५(६). 'नावावर नंतर करून देऊ', 'ॲग्रीमेंटवर घ्या', 'नोकराच्या नावे घ्या' असं कुणी म्हटलं तर तिथून उठून या. तुमचे पैसे बुडतीलच, पण त्या माणसाची जमीन हिरावली जाते, ते पाप आपल्या हातून होऊ नये.

तिसरं, नदीकाठ. सप्टेंबर २०२३ मधे वरच्या धरणांतून पाणी सोडलं तेव्हा नर्मदेला केवढा पूर होता, इंदूर-खंडवा रस्त्यावरचा मोरटक्क्याचा पूल बंद ठेवावा लागला होता. खाली सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरतं आणि त्याचा फुगवटा बडवानीच्या वरपर्यंत येतो. तेव्हा 'रिव्हर व्ह्यू' घर बघायला गेलात की मालकाला नाही, समोरच्या किराणावाल्याला विचारा पाणी कुठवर आलं होतं, तो भिंतीवरची खूण दाखवेल.

मालवा_एक्सप्रेस:
देवासचं राहिलं. कुमारजी (गायक कुमार गंधर्व) १९४८ साली तब्येतीसाठी कोरडी हवा म्हणून देवासला आले आणि तिथलेच झाले, मराठी वस्ती आणि गाण्याचं वातावरण अजून आहे. पण आता ते लहान गाव नाही, कारखान्यांचं शहर आहे, आणि पाण्याचे हाल आमच्या पिढीने पाहिलेत, १९९० च्या सुमारास तिथे रेल्वेने पाणी आणलं होतं. देवास जिल्ह्यातल्या टोंकखुर्दकडे शेतकऱ्यांनी २००६ पासून गावोगाव तलाव खोदले, त्यानंतर त्या बाजूची शेतं बदलून गेली, पण शहरात घर घ्याल तर बोअर आणि नळ दोन्ही तपासा. तुम्हाला हवंय तसं गाव ते नाही.

नेटचं एक सांगतो. फायबर गावात आहे म्हणतात पण तुमच्या गल्लीत आहे का हे खांबावरची वायर बघून ठरवा. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन कनेक्शनं आणि राउटरसाठी छोटा यूपीएस, ह्याशिवाय घरून नोकरी करू नका.

खडीसाखर:
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री ह्यांनी आणि सासूबाईंनी सगळं वाचलं. आता असं ठरतंय की फ्लॅट विकायचा नाही, भाड्याने द्यायचा. मुलीची चौथी संपली की आधी आम्ही दोघं, सासूबाई आणि मुलं एप्रिल-मेमधे मंडलेश्वरला भाड्याने राहून बघणार, मुलं सुट्टीत असतील त्यामुळे शाळा बुडायची नाही. सासूबाईंना झेपलं तर जून ते दिवाळी तिथेच, नाहीतर मानपूरकडे वळायचं. सासूबाई म्हणाल्या, परिक्रमावाल्यांसाठी उन्हाळा सोसेन.

रेवाकाठ दादा, दोन महिन्यांसाठी भाड्याने घर देतात का तिकडे? जाड भिंतीवालं, खाली संडास-बाथरूम असलेलं, जिना चढायला नको.

रेवाकाठ:
देतात. कोर्टातल्या लोकांच्या बदल्या एप्रिल-मेमधेच होतात, तेव्हा घरं रिकामी होतात. होळी झाली की एकदा दिवसभरासाठी या, आमच्याकडे जेवा, जवळपासची दोन-तीन घरं मी दाखवतो. सासूबाईंनाही आणा, पायऱ्या किती उंच आहेत ते त्यांनीच बघितलेलं बरं. आणि येताना जाम गेटच्या रस्त्याने या आणि जाताना धामनोदवरून जा, म्हणजे दोन्ही रस्ते कळतील.